भावाच्या मापाचं ताट

भाऊ आणि बहीण दोघंही मॅरेथॉन धावायचे. तिला सगळे काडी म्हणायचे. हे नाव दोघांना धावणं शिकवणाऱ्या सरांनीच ठेवलेलं, कौतुकानं.

शर्यतीआधीचे चार दिवस काय खायचं, ते सरांनी ठरवून दिलं होतं. पाऊण ताट भात, पाव, बटाटे. त्यानं स्नायूंत साखर साठते, ती शेवटपर्यंत पुरते. भाऊ त्यावर तीन शर्यती जिंकला होता. काडीही तेच खायची, फक्त वजन वाढू नये म्हणून तिचं ताट लहान. तेही सरांच्याच हुकमानं.

दर शर्यतीत तिसाव्या किलोमीटरनंतर तिच्या पायांत कुणी शिसं ओतल्यासारखं व्हायचं. तू मनानं कच्ची आहेस, असं सर म्हणायचे. हळूहळू तिलाही ते पटलं. तिनं सराव वाढवला. आठ महिने पाळी आली नाही, तेव्हा आईलाही सांगितलं नाही, सरांना सांगणं तर लांबच.

निवडीच्या शर्यतीत ती पस्तिसाव्या किलोमीटरला खाली बसली ती उठलीच नाही. खुब्याच्या हाडाला चीर गेली होती.

इस्पितळातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी तिची जेवणाची वही पानन् पान वाचली. हे माप पुरुषांवरच्या प्रयोगांतून आलंय, त्या म्हणाल्या. लांब पळताना बाईचं शरीर चरबी जास्त जाळतं, साखर कमी. आणि एवढ्याशा ताटात भाताचा वाटा कितीही वाढवला तरी स्नायूंची कोठी भरत नाही. सगळं जेवणच वाढवायला हवं होतं. ते झालं नाही, म्हणून पाळी थांबली आणि हाडं ठिसूळ झाली.

"म्हणजे मी कच्ची नव्हते?"

"उपाशी होतीस."

आता पोटभर जेवले तर, असं काडीनं विचारलं. बाईंनी एक्स-रे उजेडात धरून तिला हाडातली चीर दाखवली. मग म्हणाल्या, चालशील. धावायचं मात्र नाव काढू नकोस.

भावानं जाऊन सरांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, हळहळलेही. पण एकीसाठी सगळ्यांचं गणित बदलत नाही, म्हणाले, आणि त्यांच्याकडच्या बाकीच्या पोरींची ताटं होती तेवढीच राहिली. भावाची निवड झाली होती. तो त्यांच्याकडेच जात राहिला, आणि घरी आला की बहिणीशी हवापाण्याच्या गोष्टी करायचा.

आई आग्रह करकरून वाढायची. चार घासांत काडीचा हात थांबायचा. भूक म्हणजे काय, हेच तिचं शरीर विसरून गेलं होतं.

"अजून थोडं वाढू?"

"पोट भरलं गं," ती म्हणायची, आणि ते खोटं नसायचं.