निम्मी चूक

मी एक जुनी पाणसळ आहे. नाव अनोळखी वाटले तर गोंधळू नका, मित्रांनो. कामावर मला सगळे 'लेव्हल'च म्हणतात. हातभर लांबीची शिसवी पट्टी, दोन्ही टोकांना पितळी टोप्या आणि मधोमध काचेची एक नळी, असा माझा थाट. नळीत हिरवट स्पिरिट आहे आणि त्यात एकच बुडबुडा. नळीवर दोन काळ्या रेघा आहेत. मला पायरीवर ठेवले आणि बुडबुडा त्या रेघांच्या मधे थांबला, तर पायरी सपाट. तो एका बाजूला पळाला, तर ती बाजू उंच आणि दुसरी खाली. मला गोड बोलता येत नाही. माझ्या पिशवीतला, भिंतीचा सरळपणा तपासणारा ओळंबा तर माझ्याहूनही फटकळ आहे, पण त्याचे त्याच्यापाशी.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. जाड भिंगांचा चष्मा लावणाऱ्या एका बाईंनी माझी नळी बसवली. नळीच्या दोन्ही अंगांना दोन बारीक स्क्रू असतात. ते केसभर फिरवून त्यांनी बुडबुडा जागेवर आणला, मला उलटसुलट करून पुन्हा पाहिले आणि पाठीवर थोपटल्यासारखे करून पेटीत ठेवले. तेव्हापासून मी जराशी शिष्ट आहे.

मला विकत घेतले एका तरुण मिस्त्रीने. तो लाकडी जिने बनवायचा. जिना म्हणजे काही गंमत नव्हे. चढताना माणूस पायरीकडे बघतो. उतरताना बघत नाही, पाय आपोआप पडतो. पायरी जरा पुढे झुकलेली असली तर थेट कपाळमोक्ष. म्हणून मिस्त्री प्रत्येक पायरीवर मला आधी लांबीत ठेवायचा, मग मागून पुढे. काम संपले की मला पुसून बायकोच्या जुन्या शालीच्या तुकड्यात गुंडाळायचा. त्याने केलेला जिना लोक पाहुण्यांना आधी दाखवत आणि घर नंतर. गवंडी, फरशीवाले मला उसनी मागायला येत. "दुसरं काहीही माग, लेव्हल मागू नकोस," असे तो म्हणाला की मी पिशवीत फुगून बसायचे.

मग एक दिवस त्याचा जोडीदार सुतार परांचीवरून पडला. जीव वाचला, पण पाय कायमचा अधू झाला. त्यात मिस्त्रीची काहीही चूक नव्हती. तरी त्या दिवसापासून त्याच्या मनात धास्ती घर करून बसली.

सकाळी निघाला की तो अर्ध्या वाटेवरून परत फिरायचा. कडी लावली का, गॅस बंद केला का. कामावर तीच पायरी पुन:पुन्हा तपासायचा. मी सांगत असे, सपाट आहे रे बाबा, सपाट आहे. तो मला उचलायचा आणि पुन्हा तिथेच ठेवायचा. कधी काही घडलेले नसतानाच त्याच्या तळव्यांना घाम फुटायचा, श्वास वरच्या वर अडकायचा, आणि तो पायरीवर बसून बुटाची नाडी बांधण्याचे सोंग करायचा. भीती कसली, हे त्यालाही सांगता आले नसते. आणि सांगायचे कोणाला? जिन्याच्या मिस्त्रीलाच जिन्याची धडकी भरते हे कळले, तर काम कोण देणार?

एका दुपारी एका रंगाऱ्याने त्याच्यापुढे बाटली धरली. "दोन घोट घे. छाती हलकी होईल," तो म्हणाला. मित्रांनो, सगळ्यात वाईट गोष्ट हीच, की ती खरोखरच हलकी झाली. त्या दिवशी मिस्त्रीने प्रत्येक पायरी एकदाच तपासली आणि काम करताना शीळसुद्धा घातली. मला बिचारीला तर बरेच वाटले.

लवकरच आमच्या पिशवीत एक चपटी बाटली राहायला आली. चालताना ती माझ्या पितळी टोपीवर आपटून वाजायची. मिस्त्रीला तो आवाज नको होता, म्हणून माझी शाल तिला गेली. मी पटाशा आणि करवत यांच्यात उघडीनागडी पडले. अंगावर ओरखडे उठले, काचेवर भुसा बसला. कोणी पुसले नाही. दुपारची बाटली सकाळी उघडू लागली. पुढे पुढे तर ती उघडेपर्यंत त्याचे हात थरथरू लागले, आणि ज्या भीतीसाठी तो प्यायचा तीही पहिल्यापेक्षा मोठी होऊन परत येऊ लागली. तो मला धरायचा तेव्हा माझा बुडबुडा नुसता तडफडायचा.

"ही लेव्हल बिघडलीय," तो म्हणायचा. मला फार लागायचे ते.

मग डोळ्यांच्या दवाखान्याचा मागचा जिना आमच्याकडे आला. लोखंडी सांगाडा तयार होता, त्यावर लाकडी पायऱ्या बसवायच्या होत्या. कठड्याचे वेल्डिंग मिस्त्रीच्या मेहुण्याकडे होते, म्हणजे त्याच्या बायकोच्या धाकट्या भावाकडे. याचे तोंड सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालू असे, म्हणून सगळे त्याला रेडिओ म्हणत.

पहिली पायरी बसवून मिस्त्रीने मला तिच्यावर ठेवले. बुडबुडा मागच्या बाजूला पळाला. म्हणजे पायरी पुढे झुकलेली होती. त्याने खालची पाचर ठोकली, हात चुकला, अंगठा ठेचला. पुन्हा ठेवले, बुडबुडा पुन्हा मागेच. त्याच्या कपाळावर घाम आला. त्याने इकडेतिकडे पाहिले, पिशवीतून छोटा स्क्रूड्रायव्हर काढला आणि माझ्या नळीचे स्क्रू फिरवू लागला. पायरी सरळ करायची सोडून तो मलाच पायरीसारखी वाकडी करत होता. बुडबुडा हळूहळू दोन रेघांच्या मधे आला.

"आली का ताळ्यावर?" तो मला म्हणाला.

मित्रांनो, मला ओरडता आले असते तर मी सगळा दवाखाना गोळा केला असता. त्यानंतरची प्रत्येक पायरी त्याने माझ्या त्या खोट्या साक्षीवर बसवली, आणि प्रत्येक पायरी पुढे झुकली. नजरेला कळणार नाही एवढीच, पण पावलाला पुरेशी. आणि इथून उतरणार होती ती डोळ्यांवर पट्टी बांधलेली माणसे.

दुपारी रेडिओ कठडा बसवायला आला. कठड्याचे खांब नुसते टेकवलेले होते, पक्के व्हायचे होते. बडबड करता करता त्याने कानावरची पेन्सिल पायरीवर ठेवली. ती घरंगळत पुढे आली आणि खाली पडली. त्याने उचलून पुन्हा ठेवली. पुन्हा पडली. मग त्याने मला पायरीवर ठेवले. मी निर्लज्जासारखे सांगितले, सपाट. त्याने मला उचलले, टोकाकडून टोक फिरवले आणि त्याच जागी पलटून ठेवले. बुडबुडा थेट कोपऱ्यात जाऊन चिकटला. चांगल्या पाणसळीचे उत्तर पलटल्यावरही बदलत नाही.

रेडिओ गप्प झाला. तो गप्प झालेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

"दाजी, हिचे स्क्रू कुणी फिरवले?"

"पडली असेल कुठं तरी," मिस्त्री म्हणाला. त्याची नजर पिशवीकडे होती.

तेवढ्यात वरचे दार उघडले. पुढच्या जिन्यावर गर्दी झाली होती, म्हणून सिस्टर एका आजींना इकडून घेऊन आल्या होत्या. आजींच्या एका डोळ्यावर पट्टी होती. सिस्टर दार धरायला मागे वळल्या, आणि आजींनी हात पुढे करून तो नुसता टेकवलेला कठडा धरला. त्यांचे पाऊल पायरीच्या कडेवर आले.

मिस्त्री गप्प राहिला असता तर कदाचित आजी नीट उतरल्याही असत्या. कोणाला काही कळले नसते. पण तो म्हणाला, "आजी, थांबा. हलू नका. जिना चुकलाय. मी चुकवलाय."

तो भिंतीला धरून वर गेला. त्याने आजींचा हात कठड्यावरून सोडवून आपल्या हातात घेतला आणि त्यांना मागे, दाराशी नेले.

"तुमचा हात केवढा थरथरतोय हो," आजी म्हणाल्या. "थंडी वाजतेय का?"

"नाही. दारू पितो मी, आजी. सकाळपासून पितो. सुटत नाही."

आजींनी काही त्याचा हात सोडला नाही.

"मग डॉक्टरांना सांगा की. आतच आहेत."

"ते डोळ्यांचे डॉक्टर आहेत."

"असू देत. कुणाकडे पाठवायचं एवढं तर त्यांना दिसत असेल," आजी म्हणाल्या, आणि एका डोळ्याने वाट काढत त्याच त्याला आत घेऊन गेल्या. मला काखेत मारून रेडिओ मागोमाग गेला.

डॉक्टरीणबाईंनी त्याचे सगळे ऐकून घेतले. दारूचे, आणि त्याआधीच्या धास्तीचेही. मग म्हणाल्या, "व्यसनावर उपचार करणारे माझ्या ओळखीचे आहेत, आत्ता फोन लावते. एक मात्र ऐका. घरी जाऊन एकदम, आपल्या आपण बंद करू नका. रोज घेणाऱ्यानं अचानक सोडली तर झटके येतात, जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडायची. आणि ती धास्ती हासुद्धा आजारच आहे, त्यावरही औषध आहे, उपाय आहेत." त्यांनी जिन्याला दोरी बांधून तो बंद करायला लावला.

संध्याकाळी घरी रेडिओने पिशवी जमिनीवर ठेवली. मिस्त्री पलंगाच्या कडेवर बसून बायकोला सगळे सांगत होता. तिने पिशवीतून बाटली काढली, तिच्यावरचा शालीचा तुकडा सोडवला आणि हातात धरून बसली. आता भांडण होणार, असे मला वाटले.

"दारूचं मला केव्हाच कळलं होतं," ती म्हणाली. "वासानं कळतं. पण भीती वाटते, हे का नाही सांगितलंत? मला वाटायचं, तुम्हाला घरी थांबावंसंच वाटत नाही."

मिस्त्री रडला. तीही रडली. रेडिओने पाणी आणायच्या निमित्ताने स्वयंपाकघर गाठले.

दुसऱ्या दिवशी व्यसनमुक्तीच्या दवाखान्यात भरती व्हायला निघायच्या आधी मिस्त्री नुसता येरझारा घालत होता. "माझ्या हातून किती घरं बिघडली असतील? मी माणूस म्हणायच्या लायकीचा नाही," असे तो पुटपुटत होता. रेडिओने मला टेबलावर मांडले.

"दाजी, हिला सरळ करायचीय. किती फिरवू?"

"पलटून बघ. जेवढी चूक दिसेल तिच्या निम्मी काढ."

"निम्मीच का?"

मिस्त्री वैतागला. "पलटल्यावर चूक दुप्पट दिसते, हे तुला शिकवून..." आणि तो मधेच थांबला.

"तेच म्हणतोय मी," रेडिओ म्हणाला. "कालपासून तुम्हाला तुमचीही चूक दुप्पट दिसतेय. हिचे स्क्रू फिरवलेत ते फक्त या जिन्यावर, तो मी उकलतो. जुनी कामं दोघं मिळून एकदा तपासून येऊ. निम्मीच आहे ती, दाजी. निघते."

मिस्त्री खाली बसला आणि त्याने रेडिओला स्क्रू दाखवले. केसभर इकडे, केसभर तिकडे. बुडबुडा मधे आला. मला पलटले, तरी मधेच. माझ्या मनावरचा केवढा तरी भार उतरला, मित्रांनो.

पुढचे सगळे गोडच झाले, असे मी म्हणणार नाही. मला तसे बोलता येत नाही, हे सुरुवातीलाच सांगितले. दवाखान्यातून तो वाळून परत आला. दर आठवड्याला व्यसन सोडणाऱ्या माणसांच्या बैठकीला जाऊ लागला. धास्ती आली की तिला धास्ती म्हणायचे, श्वास सावकाश सोडायचा, पायरी एकदाच तपासायची आणि पुढे सरकायचे, हे एका समुपदेशक बाईंनी त्याला शिकवले. मधे एकदा तो घसरला. पिशवीत बाटली आली. मी भीतीने गारठले. पण या वेळी त्याने ती लपवली नाही. बायकोला सांगितले, आणि दोघे पुन्हा डॉक्टरांकडे गेले.

तो आता जिने करतो, पण एकटा करत नाही. कामाला हात लावण्याआधी रेडिओ त्याला रोज एक प्रश्न विचारतो आणि उत्तर येईपर्यंत चक्क गप्प बसतो. बहुतेक दिवशी मिस्त्री "ठीक आहे" म्हणतो आणि मला उचलतो. काही दिवशी तो मला रेडिओच्या हातात देतो आणि म्हणतो, "आज नाही ठीक. तू धर." ते ऐकताना मला त्याचा जेवढा अभिमान वाटतो, तेवढा त्याच्या सगळ्यात सुबक जिन्याचाही कधी वाटला नव्हता.

मित्रांनो, तुमच्या घरातही जुनी हत्यारे असतील. त्यांना पुसा, कोरडी ठेवा, आपटू नका. पण एखादे हत्यार चुकतेय असे वाटले, तर लगेच त्याच्यावर राग काढू नका. ते ज्याच्या हातात आहे त्याच्याजवळ जाऊन बसा आणि रेडिओ विचारतो तेच विचारा, "आज हात कसा आहे?" आणि कोणी तुम्हाला विचारले, तर खरे सांगा.