तळहातावरची सोंगटी

"तेरा कसल्या? आमच्याकडे हातात सोळा सोंगट्या घेतात!" शेजारच्या नर्सबाईंनी माहजाँगच्या, त्या चिनी सोंगट्यांच्या खेळाच्या, टेबलावर हात आपटला.

"आणि फुलांची चित्रं असलेल्या?" त्यांच्या दिराने तोंड घातलं. "मी शिकलो तिथे त्या डब्यातच ठेवतात."

आमचे हे गालात हसत होते. जन्मभर जहाजावर स्वयंपाकी. बंदर बदललं की खेळाचे नियम बदलतात, हे मला त्यांनीच शिकवलेलं. मी शिवणकाम करणारी बाई. घरी दोघंच खेळायचो. चौघांचा डाव आज बाईंच्या घरी पहिल्यांदा जमला होता.

शेवटी सोळा ठरल्या, फुलं डब्यात गेली. बाईंनी नको असलेली सोंगटी मधे टाकली. पाळी ह्यांची. हे तळहात पसरून बसून राहिले.

"दादा, हात कशाला पसरलाय?"

"द्या ना सोंगटी."

"हातावरच द्यायची असते," मी म्हटलं. "कुठल्याशा बंदरात तसा नियम आहे. हल्ली आम्ही तसंच खेळतो."

दीर खो खो हसला. "वहिनी, असला नियम कुठेच नाही! दादांनी तुम्हाला चांगलंच बनवलंय."

"खेळा हो दादा, समोरच तर आहे," बाई म्हणाल्या.

ह्यांनी हात पुढे केला. बोटं सोंगटीच्या शेजारून गेली, टेबल चाचपत राहिली, आणि रचून ठेवलेली सोंगट्यांची भिंत धाडकन कोसळली.

मग मला एकेक आठवत गेलं. कोरलेल्या चित्रावरून अंगठा फिरवून सोंगटी ओळखायची ह्यांची ती ऐट. "तुझ्या आवाजात बातमी बरी वाटते" म्हणत पेपर मला वाचायला लावणं. रस्त्यात माझा दंड धरून चालणं. मी तर लाजले होते, या वयात! दिवसभर सुईत दोरा ओवते मी, आणि घरातल्या माणसाची नजर जाताना मला दिसली नाही.

ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "अगं," ते पुटपुटले, "सांगणारच होतो."

असा संताप आला! भांडणार तर होतेच, कडाक्याचं. पण घरी गेल्यावर. इथे चारचौघांत नाही.

"बाई, सोळा तुमच्या, फुलांचं भाऊजींचं ऐकलं," मी म्हटलं. "आता हा एक नियम आमचा."

मधली सोंगटी उचलून मी ह्यांच्या तळहातावर ठेवली. अंगठा तिच्यावरून फिरला. पुन्हा फिरला.

"दोन बांबू," ते म्हणाले.

बरोबर होतं. माझी बोटं मात्र त्यांनी सोडली नाहीत. बाईंनी पुढची सोंगटी आपणहून ह्यांच्या दुसऱ्या हातावर ठेवली.