तोंड बंद, हात पुढे

अमरावतीहून सुवर्णपदक घेऊन आलेल्या डॉक्टर सुगत इंगळेने बाळापुरात दवाखाना टाकला. वैद्यक हे शास्त्र आहे, कला नव्हे, हे तो कंपाउंडरापासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांना ऐकवून बसला होता. ज्याला निदान जमत नाही तो कलेच्या गोष्टी करतो, असं त्याचं मत. मत मोठं होतं, पेशंट मोजके होते.

एके सकाळी साधनाने आपल्या सासूला, वच्छलाबाईला आणलं.

"आत्याबाईले पहाटपासून कसंतरी होऊन राह्यलं."

"काय होते आजी?" सुगतने विचारलं. म्हातारीने डावा हात टेबलावर ठेवला आणि तोंड मिटलं. नव्या डॉक्टरची इकडे हीच परीक्षा. हात धरून दुखणं ओळखलं तर डॉक्टर, नाही तर शिकाऊ.

सुगतने बीपी मोजलं, ईसीजी काढला. दोन्ही ठीक.

"मशीनीत काही दिसत नाही आजी. तुमी सांगसान तर समजंन."

"डाक्टर तू हायेस का मी?"

त्याने चिडून गॅसची गोळी लिहिली. पण डोक्यावर पंखा गरगरत होता आणि म्हातारीच्या कपाळावर घाम होता. तो घाम त्याला आवडला नाही. घरी पाठवली आणि गचकली तर? त्याने लिहिलेला कागद परत ओढून घेतला. शेवटी त्याने पदक मनातल्या मनात खुंटीला टांगलं, तिचं मनगट धरलं, डोळे मिटले आणि जत्रेतल्या ज्योतिष्यासारखा चेहरा केला.

नाडी नेमाने चालली होती. नाडीने काहीएक सांगितलं नाही. पण हात सोडला की काहीतरी बोलावं लागणार, म्हणून त्याने तो सोडलाच नाही.

"मालक गेल्यापासून कोनं एवढा वखत हात धरला नाही बावा," म्हातारी म्हणाली आणि जी सुटली ती सुटलीच. सुनेच्या भाजीतलं मीठ झालं, शेजारणीची बकरी झाली. "आन् जिना चढली का जबडा दुखते. हात भरून येते. बसलं का जाते. आज बसूनबी नाही गेलं. कापूस येचनं चालू हाये, कोनाले सांगू?"

सुगतने खाडकन डोळे उघडले. रक्त पातळ करणारी गोळी चघळायला दिली, म्हातारीला गाडीत घातलं आणि स्वतः सोबत अकोल्याला गेला. तिथे कळलं, हृदयाची मोठी नस जवळपास बंद झाली होती. स्टेंट बसला आणि बाई वाचली.

बरी होऊन आली ती थेट दवाखान्याच्या ओट्यावर बसली.

"म्या तोंडातून सबूद काढला नाही," ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागली. "पोरानं नुसता हात धरला आन् जबड्यापासून कायजापर्यंत सारं वयखलं. मशीनीले काही समजलं नव्हतं."

साधनाने तोंडाला पदर लावला. खरं काय ते सांगायला सुगत तरातरा बाहेर आला. बाकावर माणसं दाटीने बसली होती. सगळ्यांची तोंडं बंद, हात पुढे.

त्यानेही तोंड मिटलं, पहिलं मनगट धरलं आणि वाट पाहत बसला.