म्हातारीचा गिअर

"लेम्पी, बंद कर आधी! जळक्या रबराचा वास माझ्या स्वयंपाकघरापर्यंत आलाय!"

नवऱ्याचे बूट पायात अडकवून मी तशीच रस्त्यापलीकडे धावले. लेम्पीची ती चार जाड चाकांची गाडी, पुढे बर्फ ढकलायचं पातं लावलेली, तिच्या घराच्या वाटेच्या तोंडाशी बर्फाच्या बांधाला भिडून नुसती गुरगुरत होती. हा बांध म्हणजे सरकारी बर्फगाडीची कृपा. ती पहाटे मोठा रस्ता साफ करते आणि सगळा घट्ट बर्फ आमच्या दारांत लोटून जाते. दगड होतो मेल्याचा.

लेम्पीनं इंजिन बंद केलं. तोंड लालबुंद, थंडीनं की रागानं, देव जाणे.

मागच्या वादळात तिनं असाच गाडीची चाकं फिरवणारा रबरी पट्टा जाळला होता. तेव्हा तिचा मुलगा डेल म्हणाला होता, "आई, पुन्हा वाट बंद पडली तर बास झालं. घर विकायचं आणि तू गावात म्हाताऱ्यांच्या इमारतीत राहायचं." आज चर्च सुटलं की तो येणार होता.

"लो गिअरमध्ये टाक ना गं," मी म्हटलं. "सावकाश जाईल, पण जोर लावेल. हायमध्ये पट्टा नुसता घसरतो."

"तौनोनं जन्मात कधी लो लावला नाही."

"आणि जन्मभर पट्टे जाळले!"

"म्हणायचा, लो म्हणजे म्हातारीचा गिअर."

तिचा नवरा तौनो जाऊन दोन हिवाळे झाले, तरी या घरात शब्द त्याचाच चालतो. असा संताप आला मला! काही बोलणार, तेवढ्यात लेम्पी खुदकन हसली.

"मग मी काय कोवळी पोर आहे?"

पट्टा गार होईपर्यंत आम्ही माझ्याकडे वेलदोड्याच्या पावाबरोबर कॉफी प्यायलो. मग तिनं ब्रेक दाबून धरला, गिअरचा दांडा खाली ओढला आणि गाडी बैलासारखी मान खाली घालून निघाली. बांधाला समोरून धडक नाही. कडेनं थोडं थोडं खात, बर्फ पार कुंपणापर्यंत मागे नेला तिनं.

"अगं, इतका लांब कशाला?" मी ओरडले.

"मार्चमधला बर्फ ढकलायला जागा नको?"

"मार्चमध्ये तू इथे..." मी जीभ चावली.

"नाहीतर कुठे असणार?" ती म्हणाली, आणि वळली.

डेल आला तेव्हा वाट मोकळी होती. त्याच्या गाडीत मागे रिकामी खोकी रचलेली मी पाहिली. इतकी घाई लेकाला! तो थेट अंगणात शिरला आणि कोठाराशेजारच्या, बर्फ काढलेल्या चौकोनाकडे वळला. लेम्पीनं जोरात भोंगा वाजवला.

"तिथे नाही!"

"आई, बाबांचा ट्रक केव्हाच विकला. जागा रिकामीच आहे."

"माहीत आहे. मीच साफ केली."

डेलनं गाडी मागे घेतली आणि रस्त्यालगत लावली. उतरताना त्यानं खोक्यांना हात लावला नाही.

"कॉफी आहे का?" त्यानं विचारलं.

"हिच्याकडे आहे. मला अजून काम आहे."

पुन्हा भुरभुर सुरू झाली होती. तौनोच्या चौकोनावर पांढरा थर धरू लागला. लेम्पीनं पातं खाली टाकलं आणि लोमध्येच, सावकाश, पुन्हा तिकडे निघाली.