पाहुण्याची खुर्ची

त्या गावातली माणसं एका साच्यातून काढल्यासारखी होती. सगळ्यांचे केस सरळ, नाकं बटणासारखी, रंग उकडलेल्या बटाट्याचा. एकाला शिंक आली की शेजारचे चार जण आपणच शिंकलो समजून रुमाल काढायचे. आपलं पोर ओळखायला आया टोपीचा रंग लक्षात ठेवत. टोप्यांची अदलाबदल झाली तर भलतंच पोर घरी येई, जेवे, झोपे आणि सकाळी परत जाई, आणि कुणाचं काही बिघडत नसे. अशा या गावाच्या वेशीवर मोठ्या दिमाखात पाटी होती: 'दोन वंशांचं गाव. येथे सर्व जण गुण्यागोविंदाने राहतात.'

दुसरा वंश म्हणजे पाहुणा.

पाहुणा म्हणजे गावचा सुतार. जन्मला इथे, वाढला इथे, दाढी पिकली तीही इथेच. पण त्याचा आजोबा कुठल्याशा लांबच्या मुलखातून नदीवर लाकडी पूल बांधायला आलेला. नदी काही फार रुंद नव्हती, पण पूल काही केल्या पुरा होईना. दिवसभर फळ्या ठोकायच्या आणि संध्याकाळी गावात फिरायचं. कुणाचं दार तासून दे, कुणाची खिडकी बसवून दे, कुणाला पाळणा करून दे. फार मदतीचा माणूस! गावातले निम्मे पाळणे त्याच्याच हातचे. शेवटी एकदाचा पूल झाला, आजोबाने इथलीच बायको केली आणि तो राहिला. 'पाहुणा' हे नाव त्याच्याकडून मुलाकडे आणि मुलाकडून नातवाकडे आलं.

नातवाचे केस स्प्रिंगसारखे कुरळे, रंग जुन्या तांब्यासारखा, नाक असं की कोपऱ्यावर माणसाआधी तेच वळायचं. पोरांनी मात्र दगा दिला. तिन्ही आईवर गेली, सरळ केसांची. त्यामुळे गावाचा अख्खा दुसरा वंश एकट्या पाहुण्याच्या डोक्यावर उभा होता.

आणि डोकं ताठ होतं. शाळेत भूगोलाच्या तासाला त्यालाच बोलावणं. पोरं त्याचा एकेक केस ओढून सोडत आणि किंचाळत, "गेला परत आत!" वर्षाच्या सभेत व्यासपीठावर अध्यक्षांच्या शेजारी एक खुर्ची ठेवत. ती आजोबाने पुलाच्या उरलेल्या लाकडातून केलेली. तिचं नावच 'पाहुण्याची खुर्ची'. बाहेरून कुणी बडा माणूस आला की आधी तिथे हात मिळवायचा. पाहुणा त्या दिवसासाठी आठवडाभर नखं घासून ठेवायचा.

अशात गावात दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या.

बाईंनी पाहुण्याच्या दुकानासमोरच दवाखाना थाटला. रंग पाहुण्यापेक्षा गडद, उंची अशी की दवाखान्याच्या दारात वाकायला लागावं, आणि केस! पाहुण्याचे केस कुरळे असतील, बाईंचे केस म्हणजे डोक्यावर उतरलेला काळा ढग. पहिल्याच दिवशी दात न दुखणारी माणसंसुद्धा गाल धरून रांगेला लागली.

पाहुण्याची बायकोही जाऊन आली. "अहो, काय ते केस! नुसता ढग!"

"ढग म्हणे. पाऊस पडतो का त्यातून?"

"तुम्हाला काय झालं चिडायला?"

"मी कुठे चिडलोय?" असं म्हणून पाहुण्याने इतक्या जोरात रंधा मारला की टेबलाचा पाय खुंटीएवढाच उरला.

पुढच्या महिन्यात शाळेने भूगोलाच्या तासाला बाईंना बोलावलं. त्या रात्री पाहुण्याने आपला एकेक केस ओला करून मोठ्या खिळ्यांवर गुंडाळला आणि तसाच झोपला. बायको म्हणाली, "लग्नात मी गजरा माळायला सांगितला तर लाजला होतात, आणि आता हे!" सकाळी केस जरा जास्त वळले खरे, पण एक खिळा केसांतच राहिला.

पाव घेताना पाववाला डोळे बारीक करून म्हणाला, "पाहुणं, डोकं गळायला लागलं काय? खिळा ठोकलाय जणू!"

दुकानातले सगळे हसले. हसता हसता रस्त्यावरून बाई गेल्या आणि सगळ्या माना तिकडे वळल्या. खिळ्याचाही कुणाला आठव राहिला नाही. पाहुण्याने पाव तिथेच ठेवला.

तो तडक अध्यक्षांकडे गेला. "अध्यक्ष, वेशीवरच्या पाटीवर आता 'तीन' करायला हवं. रंग मी आणतो. घरात आहे."

अध्यक्ष हिशेबी माणूस. त्यांनी बोटांवर मोजून पाहिलं. "तीन कसे? दोनच की. एक आपण, एक त्या बाई."

"आणि मी?"

"तू? अरे, तू आपल्यातलाच की, सुतारा!"

अध्यक्षांनी हे अगदी मायेने म्हटलं, पाठीवर थाप मारून. पाहुण्याला ती थाप पटाशीच्या धारेसारखी लागली. जन्मात पहिल्यांदा त्याला कुणी 'सुतारा' म्हणालं होतं.

"आणि खुर्ची?"

"यंदा बाई बसतील. तू जरा पॉलिश मारून आण. तुझ्याच हातची चकाकी हवी."

पाहुण्याने खुर्ची घरी आणली. पॉलिश मारलं, असं मारलं की तोंड पाहून घ्यावं. मग दार लावून खुर्ची उलटी केली, मागच्या पायातली आजोबाच्या हातची खुंटी हलक्या हाताने काढून खिशात टाकली आणि तिच्या जागी नुसतं मेण भरलं. मुंगी बसली असती तर खुर्ची टिकली असती. बाई बसल्या की सगळ्या गावासमोर पाय वर!

कामाच्या वेळी खिळे तोंडात धरायची त्याला सवय. त्या गमतीच्या विचाराने त्याने दात असे करकचून आवळले की खिळा शाबूत राहिला आणि दाढ तडकली.

दोन दिवस त्याने लवंग धरली, मीठ धरलं, शेवटी बायकोने त्याचा दंड धरला आणि समोरच्या दवाखान्यात नेऊन बसवलं.

बाईंनी आरसा घालून पाहिलं. "वाचेल दाढ. काय चावलंत, लोखंड?"

"आँ," पाहुणा म्हणाला. खरं बोलायला तोंड उघडं असून उपयोग नव्हता.

बाई काम करता करता थांबल्या. "अरे वा! तुम्हालाही आहे की. वरच्या दाढेला आतून हा छोटा उंचवटा, तांदळाच्या दाण्याएवढा. घराण्यात उतरतो हा. पाववाल्यांना आहे, पोस्टमास्तरांना आहे, अध्यक्षांना तर दोन्ही बाजूंना. मला वाटलं, इथल्यांचंच आहे हे. तुमच्यात नसेल."

पाहुण्याचे डोळे फिरले. खुर्ची घेतली, भूगोल घेतला, आता ही बया माझी दाढसुद्धा गावात वाटते आहे! तोंड मोकळं होताच त्याने विचारलं, "तुम्हाला आहे का तो दाणा?"

"नाही हो. आमच्याकडे कुणालाच नाही." बाईंनी हात धुतले. "तुमचं बरं आहे. तुमच्याकडे वळून कुणी बघत नाही. चार माणसांत चहा पिता येतो. मी कपाला तोंड लावलं तरी लोक बोलायचे थांबतात."

'तुमच्याकडे कुणी बघत नाही!' पाहुण्याची दाढ शांत झाली होती, पण बाकीचा पाहुणा ठणकत घरी गेला. मेण तसंच राहिलं.

सभेच्या दिवशी सगळं गाव जमलं. पाहुणा खाली तिसऱ्या रांगेत, हाताची घडी घालून. अध्यक्षांनी बाईंचं नाव पुकारलं, टाळ्यांनी छप्पर हललं. एवढ्या टाळ्या त्याला उभ्या जन्मात पडल्या नव्हत्या. बाई व्यासपीठावर चढल्या. त्यांनी गर्दीत पाहुण्याला शोधलं आणि स्वतःच्या गालावर बोट ठेवून खुणेने विचारलं, दाढ कशी आहे?

इतक्या लोकांतून बाईंनी विचारलं ते त्यालाच. पाहुण्याने हाताची घडी सोडली. बाई वळल्या, हळूच खाली वाकल्या. खुर्ची आजोबाची, पाय मी मोकळा केलेला, आता गाव हसणार आणि त्या हसण्याच्या मधोमध ही! छे! पडायचा मानसुद्धा हिलाच?

"थांबा!" पाहुण्याने दोन रांगा ओलांडल्या, व्यासपीठावर उडी मारली, बाईंना बाजूला सारलं आणि स्वतः बसला.

पाय मेणातून सुटला. पाहुणा पाठीवर, पाय आभाळाकडे.

गाव हसलं ते कसं हसलं! नदीपलीकडच्या म्हशी उठून उभ्या राहिल्या. अध्यक्ष, पाववाला, पोस्टमास्तर, सगळे त्याच्यावर वाकून आ वासून हसत होते, आणि पाहुणा जमिनीवरून त्यांच्या तोंडात बघत होता. वरच्या दाढेला, आतल्या बाजूने, दाणा. पाववाल्याला दाणा. पोस्टमास्तरांना दाणा. अध्यक्षांना दोन्हीकडे, सांगितल्यासारखे. बाईही हसल्या. त्यांची दाढ गुळगुळीत.

पडल्यापडल्या पाहुण्याला आजोबाचे पाळणे आठवले. आणि तो पूल, जो काही केल्या पुरा होत नव्हता.

"अरे सुतारा, काय हे?" अध्यक्ष डोळे पुसत म्हणाले.

"पाहुण्यांना द्यायच्या आधी खुर्ची तपासून बघावी, दादा," तो म्हणाला. अध्यक्षांना त्याने 'दादा' कधी म्हटलं नव्हतं. त्याने खिशातून आजोबाची खुंटी काढली, बुटाच्या टाचेने ठोकली, पुन्हा बसून खात्री केली आणि खुर्ची बाईंपुढे सरकवली. "बसा. आणि सभा झाली की चहाला या. आमच्याकडे बोलायचं कुणी थांबत नाही. आमची ही तर झोपेतही नाही."

मग तो तिसऱ्या रांगेत जाऊन पाववाल्याला खेटून बसला आणि त्याच्याकडे फार प्रेमाने बघू लागला.

"काय बघता?" पाववाला म्हणाला.

"काही नाही. जांभई आली तर दे."

हेवा गेला म्हणता? छे. त्याने घर बदललं. आता पाहुण्याला आजोबाचा हेवा वाटू लागला. एवढं मोठं काम, आणि वेशीवरच्या पाटीवर त्याबद्दल एक अक्षर नाही!

एका गोष्टीबाबत मात्र तो निर्धास्त होता. बायको काही या गावची नव्हती, नदीपलीकडच्या गावची होती. त्या समाधानात तो घरी आला, बूट काढले, आणि एक बूट हातात असतानाच थबकला. पूल कुठून कुठे जातो, हे त्याला तेव्हा आठवलं.

"आज किती हसले बाई मी," बायको म्हणाली आणि पुन्हा तोंड उघडून हसू लागली.

पाहुण्याने पटकन दिवा मालवला.