एका नंबरावर अडतीस माणसं

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे. काच तीन जागी तडकलेली, कानात पीठ, पाठीवर पीठ. लोहा तालुक्यातल्या एका गावात भागवतमामा पिठाची गिरणी चालवतात, त्यांच्या खिशात माझा मुक्काम. नवा होतो तेव्हा मामा मला रुमालात गुंडाळून ठेवायचे. आता माझ्यावर चहाची बशी ठेवतात. असू द्या. माझं दुखणं वेगळंच आहे.

दोन वर्षांमागं शाळेत आरोग्याची कार्डं काढायचं शिबिर झालं. तपासण्या, गोळ्या, रिपोर्ट, सगळं कॉम्प्युटरवर राहणार. नांदेडच्या डॉक्टरलाही दिसणार, पण ज्याचं त्यानं हो म्हटल्याबिगर नाही. कुलूप लई पक्कं! फक्त प्रत्येकाचा मोबाइल नंबर हवा. तो किती जणांकडं होता? मामा दारातच उभे.

"लिहा की माझाच! गाव काय परकं हाय का?"

गावची आशा कार्यकर्ती सुकन्या म्हणाली, "मामा, ज्याचा त्याचा पाहिजे हो."

"हाव गं, बदलतील मागून!"

मागून कुणी बदलला नाही. अडतीस जणांची दुखणी माझ्या एकट्याच्या पोटात. कुलूप पक्कं, अन् किल्ली गिरणीत!

आणि गिरणीत हळू बोलताच येत नाही. पट्ट्याच्या आवाजावर ओरडावंच लागतं. मी वाजलो की मामा सुरू, "साखरामावशी, शुगर तीनशे दहा! नावातली साखर रगतात उतरली की!" नाहीतर, "केरबा, मुळव्याधीची तारीख सोमवारी. तवर उभ्यानंच जेव!" लोक हसायचे. खोटं कशाला बोलू, मीही हसायचो. केरबा तेवढा हसायचा नाही.

मग एक दिवस रेणुकाच्या नावानं मेसेज आला. ती ज्वारीचा डबा घेऊन रांगेतच होती.

"अरे, रेणुकाला दिवस गेले! गूळ आणा रे!"

मामांच्या मनात पाप नव्हतं. पण रेणुका डबा उचलून, दळण न करताच निघून गेली. दुसऱ्या दिवशी आली ती गिरणी बंद असताना.

"मामा, दोनदा पोट रिकामं झालं माझं. दोन्ही खेपेला बाया विचारायच्या, कधी गं, कधी? मग त्यायलाच सांगत फिरावं लागलं, राहिलं न्हाई म्हणून. या खेपेला तीन महिने तरी पोटातलं पोटात ठेवायचं होतं."

मामांनी मला खिशातून काढून फळीवर पालथं ठेवलं. मग म्हणाले, "माळेगावच्या खंडोबाची आण! आजपासून कुणाचा मेसेज उघडणार न्हाई."

घ्या! आधी सगळेच वाचायचे, आता एकही नाही. माणसाला मधली वाट म्हणून सुचत नाही.

आठच दिवसांनी, मंगळवारी, मेसेज आला : रेणुका, रक्त फार कमी आहे, तातडीने दवाखान्यात या. मी वाजलो. थरथरलो. थरथरत थरथरत फळीवरून घसरलो आणि पिठात पडलो. मामांनी उचललं, फुंकर मारली, खिशात टाकलं. "आण म्हंजी आण!" असा संताप आला मला! पण तोंड असून बोलता येत नाही.

गुरुवारी सुकन्या धापा टाकत आली. "मामा, रेणुकाचा मेसेज आला का न्हाई? दवाखानेवाले मला विचारून राहिले!"

मामांनी मला काढलं, वाचलं, आणि चालू गिरणी बंद केली. शेजाऱ्याची जीप काढून रेणुकाला नांदेडला नेलं. चक्कर येऊन ती सुकन्याच्या खांद्यावर टेकलेली.

तिथं डॉक्टरीणबाईंना आधीच्या दोन खेपांचे रिपोर्ट हवे होते. ते उघडायला रेणुकाची परवानगी लागते. त्यासाठी कार्डावरच्या नंबरावर सहा आकडे येतात, ते सांगितले की परवानगी दिली. आकडे कुठं आले? माझ्यावरच, मामांच्या खिशात! सवयीनं मामांनी तोंड उघडलं. मग मिटलं. मला तिच्या हातात दिलं आणि भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

"तूच वाच पोरी. द्यायचं का न्हाई, तूच सांग."

रेणुकानं वाचलं. डॉक्टरीणबाईंजवळ वाकून तिनं ते आकडे इतक्या हळू सांगितले की तिच्या हातात असून मलासुद्धा ऐकू आले नाहीत.

रात्रीपर्यंत दोन पिशव्या रक्त चढलं. पोटातलं बाळ टिकलं. सुकन्यानं कार्डावर रेणुकाचा वेगळा नंबर चढवला.

मित्रांनो, अजून सदतीस जण माझ्या पोटात आहेत. मी म्हातारा झालोय, बॅटरी दुपारीच मान टाकते. तुमच्या घरच्यांच्या कार्डावर नंबर कुणाचा लिहिलाय, आज विचारा. आणि गाववाल्यांनो, आपापली दुखणी माझ्याकडून घेऊन जा की रे!