बटाट्याचं रडणं थांबलं तेव्हा

प्राध्यापक वर्गात उंदरांविषयी शिकवत. कळ दाबली की दाणा मिळतो, म्हणून उंदीर कळ दाबतो. दाणा बंद केला की हळूहळू दाबणंही सोडतो. शिकवता शिकवता त्यांना घरचा बटाट्या आठवला. दीड वर्षाचा लेक. दुपारी निजवून आई खोलीबाहेर पडली की भोकाड पसरायचा.

"तो रडतो, तू धावतेस. रडण्याला बक्षीस तूच देतेस," ते बायकोला म्हणाले. "जाऊ नकोस. आपोआप थांबेल."

"अरे, हाक आहे ती!" भाजी निवडणारी त्यांची आई म्हणाली. "आपण देवाला मारतो तशी. तू रडायचास तेव्हा मी काही उंदीर आठवत बसले नाही, तरी झालासच ना प्राध्यापक?"

त्यांनी हसून दार लावून घेतलं.

बायको दाराला पाठ टेकून बाहेर बसे. आत लेकरू घसा फोडी, दारावर चापट्या मारी. इकडे पान्हा फुटून तिचे कपडे भिजत. एकदा तिने कडीला हात घातलाच.

"मधेच गेलीस तर आणखी चिवटपणे रडेल गं," प्राध्यापक काकुळतीने म्हणाले. त्यांचेही डोळे भरले होते.

रडणं आधी वाढलं, मग ओसरलं, आणि एका दुपारी उमटलंच नाही. प्राध्यापकांनी आनंदाने सगळ्यांना चहा करून दिला. आजीने कप तसाच ठेवला.

पुढे एकदा, झोपला असेल म्हणून बायको पाय न वाजवता आत डोकावली. बटाट्या कपाटापाशी बसला होता. खणात बोटं चेमटलेली, नखं काळीनिळी, फरशीवर रक्ताचे थेंब सुकलेले. ओठ मिटून तो भिंतीकडे बघत होता. दार उघडलं तरी मान वळली नाही.

तिच्या किंकाळीने प्राध्यापक धावले. खण ओढून त्यांनी बोटं सोडवली. लेकरू थरथरत होतं, पण आवाज नाही.

दवाखान्यात टाके घालताना डॉक्टर कौतुकाने म्हणाल्या, "भारी शहाणं बाळ हो तुमचं! हूं की चूं नाही."

प्राध्यापकांना ते ऐकवेना. लेकाला मांडीवर घट्ट धरून ते त्याच्या कानाशी लागले. "रड राजा. मी आहे ना इथे? रड की रे."

बटाट्याने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.